आपण उठतो तेव्हा सीट पाणी पिते

खणआळीतल्या एका साडीच्या दुकानात मी रोज पाच-सात मिनिटं टेकते. गादीवर पांढरीशुभ्र चादर असते. गेल्या वर्षी पुनर्वसूत, आपल्याकडे ज्याला तरणा पाऊस म्हणतात त्या दिवसांत, मी नेहमीसारखी गादीच्या कडेला बसले, मशीनवर शंभर रुपयांची पावती काढली आणि उठले. चादरीवर ताटलीएवढा ओला डाग पडला होता. दुकानातल्या वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी टॉवेल आणून डागावर पसरला. दुसऱ्या दिवशी गेले, तर माझ्या जागेवर आधीच टॉवेल अंथरून ठेवलेला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, दुकानोदुकानी जाऊन गोळा करते. अकरा वर्षं झाली. सकाळी दहाला राजवाड्यापासून सुरुवात करायची, मग मोती चौक, खणआळी, पाचशे एक पाटी, वरच्या रस्त्याने पोवई नाका, आणि संध्याकाळी खालच्या रस्त्याने परत चिमणपुऱ्यात घरी. सत्तर-पंचाहत्तर दुकानं होतात. म्हणजे दिवसातून तितक्या वेळा मी माझ्या स्कूटरवरून उतरते आणि तितक्या वेळा गाडीवर बसते. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

पावसात मी गाडी चालवत नाही, हे कुणाला खरं वाटत नाही. साताऱ्यातला पाऊस तसा थांबून-थांबून पडणारा. यवतेश्वरच्या बाजूने ढग उतरतो, बोगद्याकडून सर येते, दहा-पंधरा मिनिटं झोडपते आणि पुढे जाते. सर आली की आहे त्या दुकानात थांबायचं आणि उघडीप मिळाली की पुढचं दुकान गाठायचं, हे अकरा वर्षांत अंगवळणी पडलंय. त्यामुळे वरून मी कोरडीच असते. भिजते ती बाहेर उभी असलेली गाडी. आणि तिच्यावर बसले की मी खालून भिजते.

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीकडचं. तिकडे पावसाची वाट बघण्यात आयुष्य जातं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, साताऱ्यात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा आणि आमच्या माणमध्ये साताऱ्याच्याही निम्मा. लग्न होऊन इथे आले तेव्हा दोन-दोन महिने कपडे वाळत नाहीत याचंच नवल वाटायचं. सीट पुसून बसायची असते हेही मला इथेच कळलं. माहेरी सीट उन्हाने तापलेली असायची आणि आम्ही तिच्यावर पाणी मारायचो.

तर पुसणं. गाडी २०१९ साली घेतली. पहिली तीन वर्षं सीटवरून फडकं फिरवलं की काम व्हायचं. चौथ्या पावसाळ्यापासून मात्र फडकं कितीही फिरवा, बसलं की दोन मिनिटांत गारवा लागायचा आणि पुढच्या दुकानात उतरेपर्यंत ड्रेस ओला. मला वाटायचं, माझ्याच पुसण्यात काहीतरी कमी आहे. आधी जुन्या साडीचा तुकडा वापरायचे. ती साडी टेरिलिनची, ती पाणी शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलते. मग ह्यांच्या जुन्या बनियनची फडकी केली. सुती बनियनसारखं पाणी ओढणारं घरात दुसरं काही नाही. पण दहाव्या दुकानापर्यंत तेही चिंब होतं. मग काच पुसायचा हातातला छोटा वायपर घेतला. रबराची पट्टी एकदा ओढली की सीटवर थेंब राहत नाही. आधी वायपर, मग बनियन, असं करून मी सीट आरशासारखी कोरडी करायचे. हात फिरवून बघायचे, तळवा कोरडा. बसले की ओली.

मग झाकायचं ठरवलं. पूर्वी कुणीही दुकानदार कॅरीबॅग द्यायचा, ती सीटवर ओढून टाकता यायची. २०१८ साली राज्यात त्या पिशव्यांवर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती, नाल्यांची काय दशा झाली होती ते पावसाळ्यात मी रोज बघत होते. मी खताच्या पोत्याच्या आतली जाड पिशवी कापून घेतली. वाऱ्याने ती दोनदा रस्त्यावर गेली. इलॅस्टिकची टोपी मिळते बाजारात, अंघोळीच्या टोपीसारखी, ती घेतली. ती घट्ट बसायची, पण ओल्या सीटवर ओढली की आतली ओल आतच राहायची आणि काढल्यावर खाली घाम फुटल्यासारखे थेंब असायचे. शिवाय सत्तर वेळा घालायची, काढायची, झटकायची. दुकानदार पैसे हातात घेऊन उभा आणि मी बाहेर टोपीशी झटतेय, हे बरं दिसत नाही.

जाळीचं कव्हरही झालं. उन्हाळ्यात ते फार छान. खालून हवा खेळते, सीट भाजत नाही. पावसातही साधी सीट ओली असेल तर आपण त्या जाळीच्या जाडीमुळे पाण्याच्या वर बसतो, तेवढा फायदा होतो. पण जाळीखाली अस्तराला पातळ स्पंज लावलेली कव्हरं येतात, ती पावसाळ्यात कुणी घेऊ नयेत. मी नेमकं तेच घेतलं होतं, कारण हाताला मऊ लागलं. तो स्पंज दिवसभर पाणी धरून बसायचा.

आषाढ संपता संपता मांड्यांना खाज सुटली. आठवडाभर पावडर लावली, कुणाला बोलले नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गजकर्ण म्हणून सांगितलं, मलम दिलं, आणि म्हणाले, औषध चालू राहील, पण ओल्या कपड्यावर दिवस काढलात तर पुन्हा होणार. हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्यासारख्या गाडीवर फिरणाऱ्या बायका, आशाताई असतील, डबे पोचवणाऱ्या असतील, हे कुणी बोलत नाहीत. ओल्या सीटचा त्रास म्हणजे नुसता डाग नाही.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. ही कंपनी १९७५ साली निघाली आणि 'प्रिया' स्कूटर तिथे तयार व्हायची, आमच्या गावात. मामांची स्वतःची प्रिया होती, निळी. मी एका रात्री सीट उघडून पंख्याखाली उभी केली होती, ते बघून ते म्हणाले, "आमच्या सीटखाली स्प्रिंगा होत्या बघ. वर काथ्या आणि रेक्झिन. पाणी आत गेलं तरी खाली गळून जायचं. तुझ्या सीटमधलं पाणी जातं कुठं?"

मी म्हटलं, "आत जातच नाही मामा, मी पुसते ना."

"मग डिकीत पाणी कुठनं येतं?"

डिकीत पाणी येत होतं, हे खरं. माझी डायरी दोनदा भिजली होती. मी समजत होते की डिकीच्या कडेचं रबर गेलंय, आणि ते बदलूनही आणलं होतं. मामांनी सीट उलटी धरली आणि दोन्ही हातांनी मधोमध दाबली. खालच्या प्लास्टिकच्या पाटाला बारीक भोकं असतात, त्यातल्या दोन भोकांतून पाणी आलं. धार नव्हे, पण थेंबामागून थेंब, बराच वेळ. गढूळ, चहाच्या रंगाचं. त्याला कुबट वास होता, आणि तो वास मला ओळखीचा होता. माझ्या ड्रेसला संध्याकाळी तोच वास यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट करून बघितली. सीट वायपरने आणि बनियनने पूर्ण कोरडी केली, तिच्यावर कालच्या वर्तमानपत्राचं पान पसरलं आणि गाडी अंगणातच स्टँडवर ठेवून त्या पानावर पाच मिनिटं बसले. उठून पान उचललं. बाकी सगळं पान कोरडं होतं. ओल्या होत्या फक्त रेषा. कडेने दोन लांब रेषा आणि मधे एक आडवी, चालवणाऱ्याची जागा संपते आणि मागच्याची सुरू होते तिथे. सीटच्या शिलाईचा नकाशाच उमटला होता. आडव्या रेषेपाशी अक्षरं पसरली होती. डोळे जवळ नेऊन बघितलं तर रेषा सलगही नव्हती, ठिपक्या-ठिपक्यांची होती. एक ठिपका म्हणजे सुईचं एक भोक.

तेव्हा सगळं लख्ख कळलं. रेक्झिनमधून पाणी जात नाही, ते प्लास्टिकच असतं. पण शिवताना सुई भोकं पाडते. नवी असताना दोऱ्याने ती भोकं घट्ट भरलेली असतात. तीन-चार वर्षं वजन पडून ती ताणली जातात आणि दोराही वातीसारखा पाणी ओढतो. रेक्झिनच्या खाली कापडाचं अस्तर असतं, त्यात पाणी पसरतं, आणि त्याखाली फोम. फोम म्हणजे शेवटी स्पंज. आपण बसतो तेव्हा तो दबतो, आतली हवा निघून जाते. आपण उठतो तेव्हा तो पुन्हा फुगतो आणि श्वास घेतल्यासारखी हवा आत ओढतो. त्या वेळी शिलाईवर पाणी असेल, तर हवेच्या जागी पाणी आत जातं. भिजलेल्या गाडीवरून मी दिवसाला सत्तर वेळा उठत होते. घरून ऑफिस आणि ऑफिसमधून घर करणाऱ्याची सीट दिवसात दोनदा पाणी पिते. माझी सत्तरदा पीत होती. आणि पुढच्या दुकानाकडे जाताना, वजन पडलं की तेच पाणी त्याच भोकांतून वर, माझ्या कपड्यात.

किती पाणी असेल, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. सीट काढणं सोपं आहे. डिकी उघडली की पुढे बिजागरीपाशी दोन नट दिसतात, दहा नंबरचा पाना लागतो. सीट पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली, ते माझे पिग्मीचे जुने खातेदार. त्यांनी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. ४ किलो ३६० ग्रॅम. त्यांनी तो आकडा पेन्सिलीने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला, उधारी लिहितात तिथेच.

पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला एक सीट शिवणारे चाचा आहेत. दुकान म्हणजे एक मशीन, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या सीट. मी त्यांना सगळं सांगितलं, वर्तमानपत्राचं पानही दाखवलं. ते पान त्यांनी चष्मा लावून उजेडाला धरून बघितलं. म्हणाले, "ताई, चाळीस वर्षांत कुणी असं कागदावर काढून आणलं नव्हतं."

मग त्यांनी सीट उलटी केली. रेक्झिनची कड खालच्या पाटाला पिनांनी ठोकलेली असते, शंभरेक पिना असतील. स्क्रू ड्रायव्हरने पिन उचलायची, पकडीने ओढायची. निम्म्या पिना हात लावताच मोडल्या, गंजून पिठासारख्या झालेल्या. एक बाजू सुटल्यावर त्यांनी रेक्झिन सालीसारखं मागे सोललं. आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. पिवळा फोम शिलाईच्या खाली काळा पडला होता, बुरशीने, आणि तो काळेपणा बरोब्बर शिलाईच्या आकाराचा होता. वर्तमानपत्रावर जी रेषा होती तीच आत काळी. रेक्झिनच्या अस्तरावर गंजाचे तपकिरी ओघळ. चाचांनी फोमवर अंगठा दाबला, खळगा पडला आणि खळग्यात पाणी जमलं. त्यांनी अंगठा उचलला, पाणी गायब. तेवढ्या एका गोष्टीत सगळा प्रकार होता.

"हे उन्हात चार तास ठेवलं तर सुकेल," ते म्हणाले, "पण ऊन कुठं आणायचं?"

पुष्य लागलं होतं, म्हातारा पाऊस, आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. त्यांनी फोम पाटावरून सोडवला, टोकावर उभा केला म्हणजे पाणी खालच्या कोपऱ्यात उतरतं, आणि खाली जुनं घोंगडं घातलं. दर तासाने ते घोंगड्यात गुंडाळून गुडघ्याने दाबायचे. रात्री समोर पंखा लावायचे. हीटर किंवा शेगडीजवळ मात्र हा फोम अजिबात नेऊ देऊ नये, तो पटकन पेट घेतो. काळा भाग त्यांनी साबणाच्या पाण्याने घासून काढला. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांसाठी त्यांनी भिंतीवरची एक जुनी सीट माझ्या गाडीवर बसवून दिली, आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

पहिल्या वेळी आम्ही सोपा मार्ग घेतला. फोमवर प्लास्टिकचा कागद, घरावर पावसाळ्यात टाकतात तसला, आणि वरून तेच जुनं रेक्झिन पुन्हा ठोकलं. शिलाईवर मी हट्टाने पंक्चरचं सोल्यूशनही लावायला सांगितलं. ३५० रुपये झाले. काट्यावर सीट ३ किलो १२० ग्रॅम भरली. म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास पाणी मी सीटखाली घेऊन फिरत होते. एका मोठ्या बाटलीपेक्षा जास्त.

महिनाभर स्वर्ग होता. बसलं की चुरचुर आवाज यायचा, कागदाचा, पण कोरडं. मग एक दिवस पुन्हा गारवा लागला. मी लगेच सीट काढून काट्यावर नेली. ३ किलो ७१०. दुकानदारांनी आकडा लिहिताना माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मला चहा मागवला.

चाचांनी पुन्हा उघडली. कागद तिथेच फाटला होता जिथे फाटायचा, सीटच्या पुढच्या चोचीला, दोन्ही मांड्या घासतात तिथे, आणि कोपऱ्यांत, जिथे त्यांनी घडी नीट बसावी म्हणून कात्रीने चिरा दिल्या होत्या. सोल्यूशनचा थर वाकून-वाकून तडकला होता. आणखी एक चूक झाली होती, ती जास्त मोठी. कागद खूप खाली नेऊन पाटाच्या तळालाही गुंडाळला होता, त्यामुळे खालची भोकं बंद झाली. वरून फाटक्या जागेतून पाणी आत गेलं ते बाहेर पडायला वाट नाही. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक माझी. वरून बंद, खालून उघडं पाहिजे होतं. छत्री असते तसं." मला मामांच्या स्प्रिंगा आठवल्या. त्यांनी हेच सांगितलं होतं, मी फक्त पाणी आत कसं जातं तेवढंच धरून बसले होते.

दुसऱ्या वेळी चाचांनी घाई केली नाही आणि मीही केली नाही. त्यांनी रेनकोटचं जाड कापड आणलं, एका बाजूने रबरासारखा थर असलेलं. ते कागदासारखं फाटत नाही, आवाज करत नाही, फोमबरोबर वाकतं. एकच अखंड तुकडा घेतला, कुठेही जोड नाही. कोपऱ्यात कात्री लावली नाही, पुरणपोळीच्या उंड्याला घालतात तशा चुण्या घातल्या. कडेला तो फोमला चिकटवला आणि पाटाच्या कडेपर्यंतच आणला, तळ पूर्ण उघडा ठेवला. पाटाची सगळी भोकं त्यांनी खिळ्याने साफ केली. वर नवं रेक्झिन, आणि त्यात मधली आडवी शिलाई घेतलीच नाही. ती शिलाई नुसती शोभेची असते, आणि नेमकी माकडहाडाखाली येते. वरचा भाग एका तुकड्याचा, शिलाई फक्त बाजूला, खालच्या अंगाला, तिची कड खाली वळवलेली म्हणजे पाणी तिच्यावर थांबत नाही, ओघळून जातं. पिना स्टीलच्या, आणि सगळ्या तळाच्या बाजूने. वरच्या भागाला एकही भोक नाही. ९०० रुपये. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही, पण त्या दिवशी देताना मला ती जड वाटली नाही.

काट्यावर ३ किलो १८०. कापड जाड आहे, त्याचं वजन.

आता आतून सीट कोरडी होती, पण वरून पुसणं होतंच. सत्तर वेळा. इथे मला माझंच एक सुचलं आणि ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चाचांकडून त्याच कापडाचा सीटपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा तुकडा घेतला. त्याची एक कड सीटच्या पुढच्या टोकाला, बिजागरीपाशी, सीट उघडून आत सरकवली आणि सीट बंद केली, की ती कड घट्ट धरली जाते. गाडी लावली की तो तुकडा मागे टाकायचा, सीटवर पदर घेतल्यासारखा. मागच्या टोकाला इलॅस्टिकचा फासा शिवलाय, तो मागच्या हँडलला अडकवायचा. वारा काही करू शकत नाही. परत आले की फासा सोडायचा आणि पदर पुढे टाकायचा, पाय ठेवायच्या जागेवर. वरचं सगळं पाणी पुढे सांडतं आणि खाली कोरडी सीट. चालवताना पदर माझ्या दोन पायांच्या मधे, सीटच्या पुढे लोंबतो. त्याची आतली बाजू माझ्या पायांच्या आडोशाला राहते, म्हणून पुढच्या थांब्यावर पुन्हा टाकताना कोरडीच बाजू सीटला लागते. हे सगळं दोन सेकंदांचं काम आहे.

आधी मी तो बाजूने अडकवून बघितला होता. उजवीकडे सायलेन्सर, तिथे कापड जळेल, आणि डावीकडून लोंबता राहिला तर मागच्या चाकात जायची भीती. कुणी करून बघणार असाल तर बाजूने अजिबात करू नका, पुढूनच करा, आणि खालचं टोक पायाखाली येणार नाही एवढंच लांब ठेवा. माझं पहिल्यांदा लांब झालं होतं, चार बोटं कापून टाकलं.

वायपर आता डिकीत पडून असतो. बनियनचं एक फडकं मात्र लागतंच, कारण कधी कधी मी पदर टाकायला विसरते आणि सर येते. अशा वेळी गाडी मधल्या स्टँडवर असेल तर सीटच्या खोलगट भागात चक्क तळं साचतं. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, पाणी बरंचसं आपोआप घरंगळतं. म्हणून पावसाळ्यात मी बाजूच्याच स्टँडवर लावते, फक्त जमीन मऊ नाही ना ते बघून. पुसताना आधी कडेची शिलाई पुसायची आणि मग मधला भाग, हीही सवय लागलीय. आतला थर कितीही चांगला असला तरी शिलाईवर पाणी असताना त्या सीटवर मी बसत नाही.

मघा संपल्यावर, गणपतीच्या खरेदीच्या गर्दीत, मी पुन्हा दोन नट सोडवून सीट किराणा दुकानात नेली. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी बाजूला थांबले. मोकळे झाल्यावर दुकानदारांनी काट्यावरची साखरेची पिशवी उचलली, काटा शून्यावर आणला आणि सीट ठेवली. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. आकडा थोडा हलला आणि थांबला. ३ किलो १९०. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आधीच्या चार आकड्यांखाली तो लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली, खातं मिटल्यावर मारतात तशी. मग कानावर पेन्सिल ठेवत म्हणाले, "ताई, आजचे दोनशे घ्या." मी मशीन काढलं, आणि पावती निघेपर्यंत त्यांनी पुढे केलेल्या स्टुलावर बसले.